पुढच्या खोलीतला सर्व्हर

मेव्हण्याला विचारायचं नाही, एवढाच माझा निर्णय होता. असा निर्णय रोज कितीतरी नवरे घेतात आणि त्यांच्या घरात काहीही होत नाही. माझ्या घरात मात्र त्यातून दोन कॉम्प्युटर, घरभर एक वायर आणि बायकांच्या एका अख्ख्या बचत गटाची इज्जत पणाला लागली.

मेव्हणा म्हणजे मिथुन, ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ. पुण्यात कुठल्याशा कंपनीत एसीमध्ये बसतो आणि दिवाळीला आला की माझा फोन हातात घेऊन, जुन्या वस्तूंच्या दुकानात आल्यासारखा उलटासुलटा करून बघतो. असल्या माणसाकडे मदत मागायची मला काही गरज नव्हती. मी जाफराबादच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. (कोणतं कार्यालय ते सांगत नाही. आमचे साहेब स्वतः काही वाचत नाहीत, पण त्यांना वाचून दाखवणारे फार आहेत.) आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, आत पाठवायचा. आतून आलेला बाहेर पाठवायचा. या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, कारण दुसऱ्या कोणाला हे काम नकोच आहे.

झालं असं की ज्योत्स्ना आणि तिच्या गटातल्या बायका येसर करतात. येसर म्हणजे काय, असं विचारणाऱ्या माणसाची मला कीव येते, पण तरी सांगतो. गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले खमंग भाजून दळायचे. त्या पिठाची झणझणीत आमटी करायची आणि ती भाकरीच्या काल्यावर ओतायची. आमच्याकडे लग्नात ही आमटी नसेल तर लग्न लागलं असं कोणी मानत नाही. हे येसर आतापर्यंत फक्त आठवडी बाजारात विकलं जायचं. मग छत्रपती संभाजीनगरच्या तृप्ती मॅडमचा फोन आला. त्यांचं तिथे दुकान आहे आणि गावोगावच्या गटांचा माल त्या विकतात. त्या म्हणाल्या, "मी पुढच्या आठवड्यात जाफराबादला येतेय. त्याआधी तुमची वेबसाइट बघून ठेवते. पसंत पडलं तर दर महिन्याला माल उचलेन."

वेबसाइट कुठे होती! पण ज्योत्स्ना "हो हो, बघा ना" म्हणून मोकळी झाली आणि फोन ठेवून माझ्याकडे बघू लागली.

"मिथुनला सांगते," ती म्हणाली. "तो म्हणतो, तयार पान मिळतं, फक्त फोटो चिकटवायचे."

"तयार पान!" मी म्हणालो. "उद्या तयार येसर विकत आणून पाकिटात भरा म्हणाल."

"अहो, हे हसण्यावारी नेऊ नका. हा माल लागला तर झुंबरमावशीला दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जावं लागणार न्हाई. त्यांचे गुडघे गेलेत. तुम्हाला जमत नसंल तर आत्ताच सांगा."

जमत नसेल तर सांगा, असं बायकोने म्हटल्यावर 'जमत नाही' म्हणणारा नवरा अजून जन्माला यायचाय. मी रजा टाकली. (आजारपणाची. आमच्या कार्यालयात तब्येत चांगली असल्यावर रजा मिळत नाही.)

मग मी व्हिडिओ बघायला बसलो. या व्हिडिओतल्या गुरूंबद्दल मी काय बोलावं! आधी 'घंटी दाबा' म्हणून गयावया करतात, मग शिकवायला लागले की असे सुसाट सुटतात की त्यांची मोटार शेवटी कुठे धडकली ते कळतच नाही. पण एका गुरूने जे सांगितलं ते माझ्या काळजाला भिडलं. तो म्हणाला, मोठ्या कंपन्या एका सर्व्हरवर भागवत नाहीत. त्या दोन ठेवतात. एक पुढचा, त्याला फ्रंट-एंड प्रॉक्सी म्हणतात. जगातून येणारा प्रत्येक माणूस आधी याच्याकडे येतो. हा त्याची मागणी घेतो आणि मागच्या सर्व्हरकडे देतो. मागचा पान तयार करतो, पुढच्याकडे देतो आणि पुढचा ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अहो, हे तर आवक-जावक! सगळं इंटरनेट माझ्याच टेबलावर चाललेलं होतं आणि मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

घरात एक जुना कॉम्प्युटर होताच. दुसरा मी टायपिंग क्लासवाल्याकडून मागून आणला. (तो फेकायलाच निघाला होता, तरी देताना असा चेहरा केला की जणू मुलगी सासरी पाठवतोय.) नेटवाल्याला गाठून घराला इंटरनेटवरचा पक्का पत्ता घेतला. पुढच्या कॉम्प्युटरवर एन्जिनएक्स नावाचा प्रोग्राम टाकला, मागच्यावर अपाचे नावाचा. अपाचे नावाची मोटारसायकल आमच्या साहेबांच्या चिरंजीवांकडेही आहे. ती निदान एका किकमध्ये चालू तरी होते.

आता हे दोन कॉम्प्युटर ठेवायचे कुठे? यात विचार करण्यासारखं काय होतं? पुढचा सर्व्हर पुढच्या खोलीत, मागचा मागच्या खोलीत. मी मागचा कॉम्प्युटर उचलून आत नेला आणि गॅसच्या ओट्याशेजारी, पिठाच्या डब्यावर मांडला.

"हे काय करून राह्यलात?" ज्योत्स्नाने विचारलं.

"हा मागचा सर्व्हर आहे. मागच्या खोलीत ठेवतोय."

"मागच्या खोलीत स्वयंपाकघर आहे."

"ती घर बांधणाऱ्याची चूक आहे."

"आन् ही वायर?"

वायर पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत आणि तिथून स्वयंपाकघरात गेली होती. दाराच्या चौकटींमुळे ती जमिनीवर बसेना, म्हणून मी ती गुडघ्याच्या उंचीवर ताणून बांधली. दुपारी झुंबरबाई येसर भाजायला आल्या तेव्हा तिच्यावर ओला टॉवेल वाळत घालून मोकळ्या झाल्या. झुंबरबाई म्हणजे गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांना कोणतीही दोरी टॉवेलसाठीच बांधलीय असं वाटतं. मी त्यांना समजावून सांगितलं की या वायरमधून गिऱ्हाइकं ये-जा करणार आहेत. त्यांनी वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मिरच्या भाजायला घेतल्या. त्या ठसक्याने आम्ही सगळे बाहेर पळालो. एकटा मागचा सर्व्हर आत राहिला आणि पंखा फिरवत मिरचीचा धूर ओढत बसला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग काकासाहेब आले.

काकासाहेबांचं हसनाबादला कृषी सेवा केंद्र आहे. माणूस सज्जन, पण तालुक्यात कुठे काही फुकट होत असलं की त्यांना तिथूनच वास येतो. माझी तब्येत विचारायला म्हणून घरी आले, वायर ओलांडून पुढच्या खोलीत बसले आणि म्हणाले, "राजाभाऊ, ऐकलं, वेबसाइट करून राह्यलेत?"

"एक काय, पन्नास करीन," मी म्हणालो. (कोणी विचारलं होतं?) "मशीन तेच, साइट कितीही. त्याला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. समजा, एका वाड्यात दहा बिऱ्हाडं आहेत आणि दार एकच. येणारा ज्याचं नाव घेईल त्याच्या खोलीत त्याला सोडायचा. तसंच हे."

"मंग एक बिऱ्हाड आमचं बी टाका."

काकासाहेब एक पावडर विकतात. तिचं नाव 'मूषकांत'. उंदीर-घुशींचं औषध. पण हे मी इथे तुम्हाला सांगतोय. काकासाहेबांसमोर उंदीर किंवा घूस हा शब्द काढायची सोय नाही. आमच्या भागात जुन्या माणसांचं पक्कं मत आहे की औषध ठेवताना त्यांचं नाव घेतलं की त्यांना ऐकू जातं आणि मग ते औषधाला तोंड लावत नाहीत. म्हणून 'ती मंडळी', 'पाहुणे' असं म्हणायचं. मी विचारलं, "मग मूषकांत हे नाव कसं चालतं?" तर म्हणाले, "संस्कृत त्यांना कळत न्हाई. तरीबी ते फकस्त चित्रात टाका, अक्षरात नको." असल्या माणसाला नाही म्हणायला पाहिजे होतं. पण माणूस माझ्या विद्वत्तेची तारीफ करत होता, आणि ती करणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता.

त्यांनी मजकूर स्वतः लिहून दिला, खाली स्वतःचा फोन नंबरही. मी येसरचं पान आधीच तयार केलेलं होतं. वर नावाचं चित्र, खाली फोटो एक, फोटो दोन, फोटो तीन, आणि प्रत्येकाखाली मजकूर. मूषकांतसाठी मी तेच पान घेतलं, मजकूर बदलला, आणि त्यांच्या फोटोंनाही एक, दोन, तीन हीच नावं दिली. आमच्या कार्यालयाचं कामच असं चालतं. मसुदा एक, वरचं गाव बदला, पत्र तयार. विहिरीच्या पत्रात एकदा शाळेचं छप्पर गळायला लागलं होतं, पण त्यावरही मंजुरी आली.

आणखी एक गोष्ट मी त्या गुरूकडून शिकलो होतो. फोटो जड असतात, त्यांचं ओझं मागच्या सर्व्हरवर टाकू नये, ते पुढच्याच सर्व्हरमध्ये ठेवावेत. म्हणजे फोटो पुढच्या खोलीतून जाणार, आणि मजकूर स्वयंपाकघरातून. मी सगळं जुळवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन, पिठाच्या डब्यासमोर पाटावर बसून, मागच्या कॉम्प्युटरवर येसरचं नाव टाकलं. येसरचं पान आलं. मूषकांतचं टाकलं. मूषकांतचं आलं. फोटोंच्या जागा रिकाम्या होत्या, पण ते तर पुढच्या खोलीत होते. पुढे जाऊन फोल्डर उघडून तपासलं, फोटो जागच्या जागी होते. मी ज्योत्स्नाला हाक मारली.

तिने स्वयंपाकघरात मजकूर वाचला, पुढच्या खोलीत फोटो बघितले. तिला आवडलं, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. मग तिने स्वतःच्या मोबाइलवर नाव टाकलं.

"इथं तर उघडून न्हाई राह्यलं."

"घरच्या नेटवरून घरचीच साइट दिसत नसते. बाहेरच्यांना दिसते."

"असं कसं?"

"नियम आहे तो." (आमच्या कार्यालयात या वाक्यानंतर कोणी पुढे विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर या वेळी ते खरंही होतं.)

"मंग बाहेर जाऊन बघा ना एकदा. बसस्टँडवर जा, मोबाइलचं नेट चालू करून बघा."

"मी आजारी आहे," मी म्हणालो. "बसस्टँडवर साहेबांनी बघितलं म्हणजे?"

हे उत्तर बिनतोड होतं. आजही मला त्यात दोष सापडत नाही, फक्त त्याने सगळं बुडवलं.

तृप्ती मॅडम यायच्या त्या दिवशी पुढच्या खोलीत गटातल्या सगळ्या बायका इस्त्रीच्या साड्या नेसून बसल्या होत्या. आत येसरची आमटी रटरटत होती, भाकरी टोपलीत होत्या. झुंबरबाईंनी नाकातली मोरणी घासून लख्ख केली होती. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. त्या भोकरदनच्या पुढे आल्या होत्या. ज्योत्स्नाने सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"ज्योत्स्नाताई, तुमची साइट बघतेय. इथे रेंज कमी आहे, हळूहळू उघडतेय. फोटो फार छान आहेत हो."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मी शर्टाची कॉलर नीट केली.

"पण हे मजकुराचं नीट कळलं नाही. हे पाहुण्यांसाठी आहे का?"

"हो ना," ज्योत्स्ना म्हणाली. "पाहुण्यांसाठीच खास. चार पाहुणे आले की आमच्याकडे हेच करतात."

"अच्छा. आणि एकदा खाल्लं की पाहुणे परत येत नाहीत?"

"न्हाई हो मॅडम, परत परत येतात!"

"इथे तर लिहिलंय, येत नाहीत."

ज्योत्स्नाने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली की चालू दे, जाहिरातीची भाषा आहे.

"आणि चिमूटभर पुरतं?"

"चिमटीनं काय व्हतंय!" झुंबरबाई मध्येच ओरडल्या. "चांगलं वाटीभर घाला. आमचे मालक तर एका टायमाला दोन वाट्या हाणायचे!"

"मग आता कसे आहेत ते?" मॅडमनी जरा घाबरत विचारलं.

"ते वारले ना मागच्या साली," झुंबरबाई म्हणाल्या. तेवढ्यात रेंज गेली.

'पाहुणे' हा शब्द मी कुठेतरी नुकताच टाइप केला होता, आणि तो येसरच्या मजकुरात नव्हता. मी उठून स्वयंपाकघरात गेलो, मागच्या कॉम्प्युटरवर येसरचं नाव टाकलं. पान बराबर होतं. पुन्हा टाकलं, पुन्हा बराबर. मी स्वतःची समजूत घातली की शहरातल्या बायकांना आपली भाषा कळत नाही.

तृप्ती मॅडम आल्या. वायरीत पाय अडकला, पण सावरल्या. ज्योत्स्नाने आधी ताट वाढलं. मॅडमनी भाकरी कुस्करली, वर आमटी घेतली, पहिला घास उचलला, आणि दुसऱ्या हातातला मोबाइल माझ्यापुढे धरला. "आता सगळं पान उघडलं. तुम्ही केलंय ना हे? जरा वाचून दाखवा बरं."

मी वाचलं नाही, पण शेजारच्या कौसल्याने मान पुढे काढून मोठ्याने वाचायला घेतलं. कौसल्या बारावी झालेली आहे आणि तिला मोठ्याने वाचायची हौस आहे.

वर 'येसर' हे नाव होतं. खाली हातात बरणी घेऊन हसणाऱ्या ज्योत्स्नाचा फोटो. त्याखाली कौसल्याने वाचलं, "नकोशा पाहुण्यांचा कायमचा बंदोबस्त, एकदा खाल्लं की परत येत नाहीत. चिमूटभर पिठात कालवून पुढे ठेवा. मंडळी आवडीने खातात आणि घराबाहेर जाऊनच मरतात, त्यामुळे घरात वास नाही."

मॅडमचा घास हातातच राहिला.

पुढचा फोटो गटातल्या बायकांचा, अंगणात एका ओळीत बसून जेवतानाचा. मूषकांतच्या पानावर त्या जागी मेलेल्या घुशींची रांग होती. कौसल्याने वाचलं, "एका रात्रीचा निकाल." तिसऱ्या फोटोत झुंबरबाई नातवाला घास भरवत होत्या. खाली लिहिलं होतं, "लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये." आणि सगळ्यात शेवटी हसनाबादच्या एका समाधानी ग्राहकाचं मत: "आम्हाला फार गुण आला. एक डबा सासरवाडीलाही पाठवला."

मग झुंबरबाई म्हणाल्या, "म्यां माझ्या नातवाला मारून राह्यले काय?"

"हे घुशीच्या औषधाचं पान आहे," मी म्हणालो. "काकासाहेबांचं. ते इथं कसं आलं मला माहीत नाही. स्वयंपाकघरात चला, तिथे बराबर दिसतंय! या मॅडम, दाखवतो!"

"म्हणजे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी तुमच्या स्वयंपाकघरात आणू?" मॅडमनी विचारलं आणि घास ताटात परत ठेवला.

मी ज्योत्स्नाकडे बघितलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती घास ठेवलेल्या ताटाकडे बघत होती आणि झुंबरबाई आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत होत्या. मला लाज वाटली. विनोदाची नव्हे, खरी. मी काही न बोलता उठलो, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखाली शिरलो आणि मेव्हण्याला फोन लावला.

"जयभीम दाजी!" मिथुन म्हणाला. "मीटिंगमध्ये आहे. जल्दी बोला."

मी बोललो. घुशींचं सोडून सगळं सांगितलं. मग घुशींचंही सांगावं लागलं. पलीकडे बराच वेळ नुसते विचित्र आवाज येत होते. मला वाटलं, तिकडेही रेंज गेली. तो हसत होता.

"दाजी, तुमचा पुढचा सर्व्हर मागच्याला नावच सांगत न्हाई. गिऱ्हाईक पुढच्याला म्हणतं, येसर पाहिजे. फोटो पुढच्याकडंच हायत, म्हणून ते बराबर येसरचे देतो. मजकुरासाठी आत जातो, आन् आत जाऊन म्हणतो, कुणीतरी आलंय. मागच्याला नाव कळत न्हाई, मंग तो यादीतलं पहिलं पान देतो. इंग्रजीत मूषकांतचा एम आधी, येसरचा वाय शेवटी. तुम्ही आत बसून थेट मागच्याला नाव सांगता, म्हणून तुम्हाला बराबर दिसतं. पुढच्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाका, आलेलं नाव तसंच आत पाठव म्हणून. बस."

"एक ओळ?"

"एकच. आन् दाजी, कॉम्प्युटर दोन कशाला? दोन्ही प्रोग्राम एकाच मशीनवर चालतात. फ्रंट-एंड म्हणजे पुढची खोली न्हाई हो!"

"ते मला माहितीय," मी म्हणालो. (ओट्याखाली डोकं असताना माणसाने निदान मान तरी ताठ ठेवावी.)

ओळ पुढच्या सर्व्हरमध्ये टाकायची होती आणि पुढचा सर्व्हर पुढच्या खोलीत, मॅडमच्या पाठीमागे होता. तिथे जायची माझी छाती होईना. म्हणून मी स्वयंपाकघरातूनच, वायरीवरून पुढच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा प्रयत्न करत बसलो. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. मिरचीची पूड की-बोर्डमध्ये गेली होती आणि तीन-चार अक्षरं उठतच नव्हती. शेवटी ओळ बसली. सगळं बंद करून चालू केलं. मग मागच्या दाराने बाहेर पडलो, गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, मोबाइलच्या नेटवर येसरचं नाव टाकलं. येसर! ज्योत्स्नाच्या फोटोखाली ज्योत्स्नाचाच मजकूर! मी धावत पुढच्या दाराने घरात शिरलो आणि ओरडलो, "झालं! आता बघा मॅडम!"

मॅडमची जागा रिकामी होती. ताटही रिकामं होतं.

"गेल्या त्या," ज्योत्स्ना म्हणाली.

"गेल्या? मग माल?"

"घेतला. दर महिन्याला देणार. तुम्ही आत गेल्ते ना, तवा म्यां त्यांच्याच ताटातला घास उचलून आधी स्वतः खाल्ला. मंग झुंबरमावशीनं खाल्ला. मंग त्यांनी खाल्ला. मंग आणखी दोनदा आमटी मागितली."

"आणि साइट?"

"साइटची गोष्टच न्हाई निघाली. निघाली ती एवढीच की पाकिटावर तिचं नाव छापायचं न्हाई."

मी मोबाइल खिशात ठेवला. खरं म्हणजे मला आनंद झाला होता. झुंबरबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि कौसल्या त्यांच्यावर हसत होती. मीही हसलो. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

माझ्या कामाची दखल घेणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे काकासाहेब. तीन-चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "राजाभाऊ, काय बिघडवून ठेवलं? आधी संभाजीनगर-पुण्याहून माणसं नंबर बघून फोन करून राह्यले होते, हे चिमूटभर कसं खायचं म्हणून. किती मंडळींनी चौकशी केली! आता बिलकुल फोन न्हाई. पहिल्यासारखं करा बरं."

काम वाढल्यावर गटाने बैठक घेतली. पुढची खोली पाकिटं भरायला लागणार होती, म्हणून पुढचा सर्व्हर उचलून मागच्यावर ठेवण्यात आला आणि त्यावर लोणच्याची बरणी. वायर सोडून झुंबरबाईंनी परसात टॉवेलसाठी बांधली. मलाही काम मिळालं. सुट्टीच्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसायचं, आलेल्या माणसाला काय पाहिजे ते विचारायचं आणि आत सांगायचं. मी खूश झालो. या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे मी त्यांना ऐकवलंही.

पहिल्याच रविवारी एक गृहस्थ आले. मी त्यांना नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत जाऊन रुबाबात सांगितलं, "बाहेर कोणीतरी आलंय."

"कोण?" ज्योत्स्नाने विचारलं.

"खुर्ची दिलीय," मी म्हणालो.

"काय पाहिजे त्यांना?"

"पाणीही दिलंय."

झुंबरबाईंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पोरींनो, मिथुनला फोन लावा. ती एक ओळ या भाऊमधी बी टाकायला सांगा."